चवीच्या मेजावरचा भाव : पाव, द्राक्षमद्य आणि आपला खपली गहूं

युरोप-अमेरिकेंतील शहरांतून एका विशिष्ट तऱ्हेचें लहानसें दुकान आढळतें. जागा आपल्याकडील वाण्याच्या दुकानाएवढीच. एका बाजूच्या फळीवर त्याच सकाळीं भट्टींतून काढलेले पाव, आणि दुसऱ्या बाजूस द्राक्षमद्याच्या, म्हणजे जिला आपणहि आतां वाइन म्हणूं लागलों आहों तिच्या, बाटल्या. आठवड्यांतील एक वार नेमलेला असतो. त्या दिवशीं सायंकाळीं दुकानदार चार-सहा बाटल्यांचीं बुचें काढतो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास पेल्याच्या तळाशीं दोन-तीन चमचे एवढीच वाइन घालून देतो. गिऱ्हाईक ती उजेडाकडे धरून पाहतें, हुंगतें, तोंडांत घोळवितें, आणि पुष्कळदां थुंकूनहि टाकतें. मग पावाचा एक तुकडा खाऊन जीभ स्वच्छ करतें आणि दुसऱ्या पेल्याकडे वळतें. बाटली कोणत्या गांवच्या मळ्यांतील, कोणत्या सालची, त्या सालीं पाऊसपाणी कसें झालें, हें दुकानदार शेजारीं उभा राहून सांगत असतो. तासाभरानें माणूस घरीं निघतो तेव्हां त्याच्या पिशवींत एक पाव व एक बाटली असते, आणि त्यांची किंमत त्यानें कुरकुर न करतां दिलेली असते.

आमच्या वाचकांत माळकरी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस येथेंच सांगून ठेवितों कीं, कोणीं मद्य प्यावें असें सुचविण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. शेंकडा बारा-चौदा मद्यार्क असलेली वस्तु ती मद्यच होय. आपल्या वैद्यांच्या द्राक्षासवाशीं तिची गल्लत करण्याचें कारण नाहीं. परंतु तीं द्राक्षें कोणा शेतकऱ्यानेंच पिकविलेलीं असतात, आणि पावाचा गहूंहि. मेजाभोंवतीं उभ्या राहिलेल्या दहा-वीस माणसांच्या जिभेवर त्या दोघांच्या मालाचा भाव ठरत असतो, आणि ते दोघे बहुधा तेथें हजर नसतात. आमचा विषय तो आहे.

चव पाहून भाव ठरविणें ही गोष्ट कोल्हापूरकरांस नवीन नाहीं. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि पुढें गुळाच्या सौद्यांनीं ती नांवारूपास आली. गुळाची पारख कशी होते हें वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. रंग पाहावयाचा, ढेप किती कठीण आहे तें पाहावयाचें, आंतला रवा पाहावयाचा, आणि एक खडा जिभेवर ठेवावयाचा. खारवट जमिनींतील उसाचा गूळ कितीहि पिवळाधमक दिसला तरी जीभ त्याला ओळखते. पण येथें व्यापारी व शेतकरी बरोबरीचे आहेत. कारण शेतकऱ्यानें आपला गूळ गुऱ्हाळांतच चाखलेला असतो, आणि गुळव्यानें पाक थोडा पुढें जाऊं दिला कीं काय हें त्याला अडत्याच्या आधीं ठाऊक असतें. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें तेंहि या पारखीच्या बळावरच मिळालें असें आम्ही समजतों.

दुधाचेंहि तेंच. गांवच्या दूधसंस्थेंत किटली ओतली कीं फॅट किती व एस.एन.एफ. किती हें चिठ्ठीवर येतें. म्हशीच्या दुधास ६.० व ९.० हा पाया आहे हें शाळेंतलें पोरहि सांगेल. फॅट उतरली तर पेंड कमी पडली कीं हिरवा चारा अधिक झाला याचा विचार घरांतील बाईमाणूस त्याच दिवशीं करतें. आपल्या मालाचा गुण किती आणि त्या गुणाला दाम किती, हीं दोन्ही एकाच चिठ्ठींत कळल्यामुळेंच या जिल्ह्यांतील दूधधंदा वाढला. गव्हाची चिठ्ठी मात्र अशी कोणी देत नाहीं. गहूं चांगला कीं बरा, इतकेंच काय तें व्यापारी बोलतो. त्याचा पाव कसा होतो, खीर कशी होते, हें बोलत नाहीं, आणि आपणहि विचारीत नाहीं.

चवीच्या मेजाचें सामर्थ्य किती असतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पॅरिसमध्यें स्टीव्हन स्परियर नांवाच्या एका इंग्रज गृहस्थाचें वाइनचें लहान दुकान होतें. तो आपल्या गिऱ्हाइकांस चव पाहावयास शिकवीत असे. २४ मे १९७६ रोजीं त्यानें शहरांतील एका हॉटेलांत एक परीक्षा ठेविली. फ्रान्समधील नामांकित मळ्यांच्या वाइन आणि अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या, तोंवर फारशा कोणास ठाऊक नसलेल्या वाइन, नांवें झांकून, नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें मांडल्या. नांवें उघडलीं तेव्हां पांढऱ्यांत शातो माँटेलेनाची १९७३ ची, आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप मळ्याची १९७३ ची, अशा दोन्ही कॅलिफोर्नियाच्याच बाटल्या पहिल्या आलेल्या दिसल्या. परीक्षक फ्रेंच होते, त्यामुळें निकालास कोणी पक्षपात म्हणूं शकेना. नापा नांवाच्या त्या खोऱ्याचें नांव त्यानंतर जगभर झालें. त्या दिवसापूर्वीं व नंतर तेथील माती तीच होती. चिठ्ठी झांकून चव पाहिली, एवढेंच काय तें नवें घडलें.

आतां आपल्याकडे येऊं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेंसाळ वाइन काढून दाखविली, आणि महाराष्ट्राच्या द्राक्षांची वाइन परदेशीं जाऊं शकते हें सिद्ध केलें. परंतु लोकांस चव लावण्याचें काम खरें नाशिकास झालें. अमेरिकेंत इंजिनियरिंग शिकून तेथें नोकरी केलेले राजीव सामंत हे परत येऊन नाशिकजवळ घरच्या जमिनींत शेती करूं लागले. आंबा, गुलाब, खाण्याचीं द्राक्षें असे प्रयोग झाल्यावर १९९७ सालीं त्यांनीं सोव्हिन्यॉं ब्लां व शेनिन ब्लां या फ्रेंच जातींच्या वेली लाविल्या. सुला या नांवाची पहिली बाटली २००० सालीं बाहेर आली. परंतु ज्या प्रांतांत वाइन म्हणजे काय हेंच कोणास ठाऊक नाहीं, तेथें ती विकावयाची कशी? त्यांनीं २००५ सालीं मळ्यांतच चव पाहण्याची खोली उघडली. पंचवटी-त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील शहरांत मद्याची चव पाहावयास लोक येतील हें तेव्हां कोणास खरें वाटलें नसतें. पण मुंबई-पुण्याचीं माणसें मोटारी भरून येऊं लागलीं. डिसेंबर २०२२ मध्यें ती कंपनी शेअरबाजारांतहि दाखल झाली. मळा, कारखाना आणि चवीचें मेज हीं तिन्ही एका जागीं आणणें, हाच त्या यशाचा गाभा असें आमचें मत आहे.

परंतु ज्या शेतकऱ्यांनीं हें यश पाहून वाइनच्या जातींची लागण केली त्यांची हकीकत वेगळी आहे, आणि ती या लेखाच्या वाचकांनीं अधिक लक्षपूर्वक ऐकावी. राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें. वाइनला करांत सवलती मिळाल्या. नाशिक जिल्ह्यांत निफाड तालुक्यांतील विंचूर येथें, व आपल्या शेजारीं सांगली जिल्ह्यांत पलूस येथें, वाइन पार्क निघाले. कारखाने भराभर उभे राहिले. कारखानदार बागेंत येऊन करार करूं लागले. मग २००८ सालीं जगभर मंदी आली, त्याच वर्षीं मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि टांक्या भरलेल्या तशाच राहिल्या. कित्येक कारखाने बंद पडले. नारायणगांवचा तो पहिला कारखानाहि पुढें कर्जांत बुडाला. पुढील दोन-तीन वर्षांत अनेकांनीं चांगल्या भरांत आलेल्या वेली उपटून टाकल्या.

उपटावयाच कां लागल्या, तें समजून घेतलें पाहिजे. खाण्याचें द्राक्ष मोठें, पातळ सालीचें, बिनबियांचें. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं थॉम्सनमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात घ्या. मुंबईच्या व्यापाऱ्यानें नाकारली तर ती सांगलीच्या बाजारांत जाते, तेथेंहि न खपली तर शेडवर टाकून तिचा बेदाणा होतो. एका मालाला तीन दरवाजे आहेत. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें, बियांचें असतें. रंग व वास सालींत असतो म्हणून साल जाड हवी. गोडी २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत चढूं द्यावी लागते, वेलीवर घड मोजके ठेवावे लागतात, पाणी हात राखून द्यावें लागतें. म्हणजे एकरी वजनहि कमीच. असा माल कारखान्यानें नेला नाहीं तर बाजारांत त्याला कोणी हात लावीत नाहीं. त्याला दरवाजा एकच, आणि त्या दरवाजाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. उसाच्या शेतकऱ्यास हा अनुभव कळण्यासारखा आहे. पण उसाला निदान गुऱ्हाळ तरी आहे.

हिशेब करणाऱ्यांसाठीं एक आंकडा देतों. पाऊण लिटरच्या एका बाटलीस सुमारें एक ते सव्वा किलो द्राक्षें लागतात. बाटली दुकानांत कितीस विकते तें पाहावें, आणि त्यांत द्राक्षाचे किती हें ताडून पाहावें. हा फरक सगळाच लुबाडणुकीचा आहे असें कोणी समजूं नये. कांच, बूच, पोलादी टांकी, थंड ठेवण्याची वीज, सरकारचा कर, दुकानदाराचा नफा, आणि माल पडून राहील तितक्या महिन्यांचें व्याज, हें सर्व त्यांत आलें. पण यांतील मोठा भाग चवीच्या मेजावर निर्माण होतो, आणि तेथें कोणाची जीभ बसली आहे यावर पुढील सालचा करार अवलंबून असतो. ज्या बागाइतदारानें आपल्याच द्राक्षाची वाइन कधीं हुंगूनहि पाहिली नाहीं, तो ब्रिक्स २१ असतां भाव कां कापला हें भांडून कसें सांगणार? तो पीत नसेल तर न पिओ. हुंगून व तोंडांत घोळवून टाकून देण्यास परीक्षकांचीहि मनाई नाहीं. उलट त्यांची रीतच ती आहे.

कायद्याचेंहि दोन शब्दांत सांगतों. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं आपल्याकडे मद्याची विक्री परवान्यावांचून होत नाहीं, आणि बाटलीबंद मद्याच्या किरकोळ दुकानांत बसून पिण्याची सोय नसते. वाइनच्या कारखान्यास मात्र आपल्या जागेंत चवगृह ठेवण्याचा परवाना मिळूं शकतो. १०० चौरस मीटरांहून मोठ्या किराणा दुकानांत वेगळ्या कपाटांत वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें २७ जानेवारी २०२२ रोजीं घेतला होता. शेतकऱ्यांच्या द्राक्षांस उठाव मिळेल असें सरकारचें म्हणणें. घराघरांत मद्य शिरेल असें विरोधकांचें. अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला, सूचना-हरकती मागविल्या गेल्या, त्याच वर्षीं सरकार बदललें आणि निर्णय बासनांत राहिला. शेतकऱ्याच्या नांवानें दोन्ही पक्ष बोलले. कारखान्यानें माल न उचलल्यास काय, हा प्रश्न त्या गदारोळांत कोणी केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तेव्हां कृष्णाकांठच्या ज्या बंधूंच्या मनांत वाइनच्या जातींची लागण करण्याचें असेल, त्यांनीं लांब मुदतीचा लेखी करार, माल नाकारल्यास भरपाईचें कलम, आणि कारखान्याच्या मागील दोन-तीन सालांच्या देण्याघेण्याची चौकशी, या तीन गोष्टी हातीं आल्याशिवाय कलम लावूं नये. एप्रिलची व ऑक्टोबरची छाटणी त्यांस येतेच. ती अडचण नव्हे.

आमचा खरा ओढा या दुकानाच्या दुसऱ्या फळीकडे, पावाकडे आहे. ज्या निफाड तालुक्यांत वाइनचें विंचूर आहे, त्याच तालुक्यांत गव्हाचें जुनें संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक व तपोवन या जाती तेथल्याच. परंतु त्या केंद्राच्या गव्हाची चव पाहावयास मुंबईची मोटार कधीं जात नाहीं. पाव हा आपल्याकडे कारखान्याचा, कागदांत गुंडाळलेला, चवीला सपक असा माल होऊन बसला आहे. कोल्हापुरांत तर मिसळीबरोबर त्याचे काप घेण्याची रीत आहे, आणि मिसळीच्या कटापुढें पावाची चव कोण पाहतो!

हातानें घडविलेल्या पावाची परंपरा आपल्यापासून दूर नाहीं. घाट उतरून गोव्यांत गेलें कीं सकाळीं पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकूं येतो. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आलेली ही विद्या तेथील लोकांनीं आपलीशी केली. यीस्ट मिळेना म्हणून माडाची सूर घालून पीठ फुगविलें, आणि उंडो, कात्रो, कोंड्याची पोई, कडक कांकणें अशा जाती निर्माण केल्या. गव्हाचें पीक नसलेल्या मुलखांत ही कला वाढली. ज्या मुलखांत गहूं पिकतो तेथें ती आली नाहीं.

अलीकडे मोठ्या शहरांतून ज्याला सावरडो म्हणतात तो आंबवणाचा पाव निघाला आहे व तो चांगल्या किंमतीस जातो. त्यांत गूढ कांहीं नाहीं. पीठ व पाणी कालवून ठेवावें, रोज त्यांतील थोडें काढून नवें पीठ घालावें. आठवड्याभरांत पिठांतीलच यीस्ट आणि दह्याच्या जातीचे जंतु त्यांत वाढतात. आंबोळीचें पीठ रात्रींत फुगतें त्याच जातीची ही क्रिया. या आंबवणानें मळलेली कणीक बारा-पंधरा तास सावकाश फुगूं देतात, म्हणून पावास वास व किंचित् आंबटपणा येतो आणि तो चार दिवस टिकतो. पॅरिसांत पॉयलान नांवाच्या भट्टीवाल्यानें १९३२ सालीं अशा मोठ्या गोल पावाचें दुकान घातलें, तें त्याच्या वंशजांनीं आजपर्यंत चालविलें आहे. अशा भट्टीवाल्याला पिठाचा गुण पारखून घ्यावाच लागतो, कारण त्याच्या पावांत पीठ, पाणी व मीठ यांवांचून दुसरें कांहीं नसतें. वाईट पीठ लपविण्यास जागा नाहीं. शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवें तें असें.

येथें खपलीची गोष्ट येते. शिरोळ तालुक्यांत, मिरज-वाळव्याकडे, साताऱ्यांत व बेळगांव भागांत पिढ्यान्पिढ्या पेरला जाणारा हा गहूं महाप्रसादाच्या खिरीस व पुरणपोळीस लागतो, म्हणून घरापुरता कां होईना, टिकून राहिला. दाणा लांबट, तांबूस. सालांत असा घट्ट बसलेला कीं मळणींत कणीस मोडलें तरी साल सुटत नाहीं. पेरावयाचा तो सालासकट, आणि खावयाचा तो कांडून. या कांडपाच्या कटकटीमुळेंच साध्या गव्हापुढें तो मागें पडला. पण तांबेऱ्यास तो सहजीं बळी पडत नाहीं. हा गुण किती मोठा आहे हें आपणांपेक्षां परक्यांनीं अधिक ओळखलें. अमेरिकेंत स्टेकमन व लेव्हिन या शास्त्रज्ञांनीं १९२२ सालीं तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठीं गव्हाचे जे बारा नमुने ठरविले त्यांत एक चक्क ‘खपली’ या नांवाचा आहे, आणि तांबेऱ्यास दाद न देणारीं कांहीं जनुकें खपलीवरूनच पुढें इतर गव्हांत नेलीं गेलीं. जगांतील गव्हाच्या प्रयोगशाळांत आपल्या बोलीतला हा शब्द शंभर वर्षें उच्चारला जात आहे.

या गव्हाचा पाव होतो काय? होतो, पण त्याच्या कलानें घेतलें पाहिजे. साध्या गव्हांत गुणसूत्रें ४२, खपलींत २८. कणकेला ताण देणारें जें ग्लुटेन, तें खपलींत असतें परंतु दुबळें असतें. म्हणून नुसत्या खपलीचा पाव उंच फुगत नाहीं. बसका, भरीव, दाणेदार होतो व साच्यांत भाजावा लागतो. वास मात्र खमंग आणि चव गोडसर असते. तीन भाग साधा गहूं व एक भाग खपली या प्रमाणानें आरंभ करावा, हात बसल्यावर खपली वाढवावी. एक इशारा आवश्यक आहे. शहरांतील कित्येक विक्रेते खपलीच्या पिशवीवर ती मधुमेहावर औषध असल्यासारखें, किंवा गहूं न सोसणाऱ्यांनींहि खावी असें, लिहूं लागले आहेत. तींत प्रथिनें व तंतु अधिक आहेत व ती सावकाश पचते हें खरें. पण ती औषध नव्हे, आणि ज्यांस वैद्यानें ग्लुटेन वर्ज्य सांगितलें आहे त्यांस ती वर्ज्यच आहे. खोटें बोलून मिळालेला भाव दोन वर्षें टिकतो, आणि तिसऱ्या वर्षीं खऱ्या मालाचाहि भाव घालवितो.

बियाण्याविषयीं विचारणा होते म्हणून सांगतों. धारवाडच्या कृषि विद्यापीठाचे डी.डी.के. १००९, १०२५ व १०२९, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एम.ए.सी.एस. २९७१, हे सुधारलेले वाण आहेत. शेवटचा बुटका असल्यानें लोळत नाहीं. परंतु चवीसाठीं जुनें घरगुती बियाणें चांगलें कीं सुधारलेलें, हा वाद गप्पांत मिटणारा नाहीं. तो मेजावरच मिटेल.

म्हणून आमची सूचना अशी. कोल्हापुरांत लक्ष्मीपुरीचा बाजार रविवारीं भरतो. खेड्यांतून माणसें येतात, शहरांतील गृहिणीहि येतात. भुईमुगाची शेंग फोडून पाहिल्याशिवाय किंवा कलिंगडाची चौकट कापून घेतल्याशिवाय तेथें कोणी पैसे काढीत नाहीं. अशा ठिकाणीं संघानें दर रविवारीं सकाळीं दोन तास एक मेज मांडावें. वर खपलीचे पाव दोन-तीन जातींचे, आणि त्यांच्याबरोबर गुळाचे तीन नमुने. पावाशीं गूळ व लोणी यांची जोड वाइनपेक्षां कमी नाहीं, आणि तिला परवाना लागत नाहीं. शहरांतील एखाद्या होतकरू भट्टीवाल्यास पीठ आपण द्यावें, भाजणावळ रोख द्यावी. पांच किलो पिठाचे पाऊण-पाऊण किलोचे नऊ-दहा पाव होतात. एका पावाचे वीस लहान तुकडे केले तरी पावणेदोनशें-दोनशें माणसांची चव होते. बाकी माल आगाऊ मागणीवरच भाजावा. शिळा पाव गुरांस घालणें हा या धंद्यांतील नेहमींचा तोटा आहे, आणि चालणारीं लहान दुकानें ठरलेल्या वारावर व आगाऊ नोंदणीवरच चालतात.

खर्च प्रथम संघाच्या प्रचारखात्यांतून व्हावा. सहा महिन्यांनीं जो माल लोकांनीं सातत्यानें मागितला असेल त्याचें कांडप-यंत्र घेण्याचा विचार करावा, त्याआधीं नव्हे. यंत्र आधीं व गिऱ्हाईक मागून, या क्रमानें आपल्या किती संस्थांच्या शेडांत गंज चढला आहे तें वाचकांनीं आपापल्या गांवीं पाहिलेंच आहे. द्राक्षवाल्या सभासदांनीं याच धर्तीवर हंगाम संपल्यावर आपल्या कारखान्याच्या चवगृहांत तिघांचें शिष्टमंडळ न्यावें आणि आपल्या बागेचा माल कोणत्या टांकींत गेला तें विचारावें. सांगणारा कारखाना भला. न सांगणाऱ्याशीं करार करतांना पुन्हां विचार करावा.

आरंभ मार्गशीर्षांत करावा, म्हणजे नवा गूळ हातीं असेल. ज्या सभासदांकडे घरगुती खपली आहे त्यांनीं दोन किलो सालासकट व दोन किलो कांडलेली अशी वेगळी बांधून, गांव, जमिनीचा प्रकार, पाण्याच्या पाळ्या व खताची माहिती चिठ्ठीवर लिहून द्यावी. ती चिठ्ठी पुडक्याच्या आंत राहील. बाहेर फक्त नंबर. प्रत्येक पाव खाणाऱ्यानें वास, चव व कवच यांस दहांपैकीं गुण द्यावयाचे, आणि किलोमागें आपण किती द्याल हें वहींत लिहावयाचें. वही भरल्यावर पुडकें सोडावें. आपला नंबर कोणता हें मालकास वासावरून ओळखूं आलें, तरी तोंवर त्यानें बोलूं नये.